गेबलच्या भिंतीशी सीलिंगच्या पट्ट्या बसवताना: जांभ्याच्या कौलारू घरासाठी मार्गदर्शन

कोकणातल्या कौलारू घराला आतून सीलिंग करायचे ठरले, की सुतार बहुधा खोलीच्या मध्यापासून कामाला लागतो, कारण तिथे तुळया सरळ असतात, हात मोकळा चालतो आणि काम झपाट्याने पुढे सरकल्यासारखे दिसते. भिंतीपाशी पोहोचल्यावर मात्र पट्टीचे टोक कशावर टेकवायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि तोपर्यंत मधल्या सगळ्या पट्ट्या पक्क्या झालेल्या असल्यामुळे जे जमेल ते करून वेळ मारून नेली जाते. दोन पावसाळ्यांनंतर सीलिंगला पहिली भेग जाते ती याच कडेला. म्हणून नवख्याने हे काम उलट क्रमाने करावे: गेबलची कड आधी पूर्ण ठरवावी आणि खोलीचा मधला भाग शेवटी घ्यावा. या लेखातील बाकी सगळे तपशील या एकाच क्रमाच्या आधाराने येतात.

गेबल म्हणजे दोनपाखी घराच्या टोकाची, वर आढ्यापर्यंत तिकोनी चढत गेलेली भिंत. सीलिंगची पट्टी म्हणजे तुळयांच्या खालच्या अंगाला आडवी मारलेली, साधारण दोन इंच रुंद आणि एक इंच जाड लाकडी पट्टी, जिच्यावर पुढे फळ्या, सिमेंट फायबर बोर्ड किंवा पीव्हीसीचे पॅनेल बसते. कौलांखालच्या रिपा वेगळ्या आणि या पट्ट्या वेगळ्या. बोलताना दोन्हींना रीप म्हटले जाते आणि मग लाकूड मागवताना घोटाळा होतो, म्हणून इथे सीलिंगसाठी पट्टी हाच शब्द वापरला आहे.

उदाहरणासाठी एक खोली धरू. गेबलची भिंत बारा फूट लांब आहे आणि खोली आत पंधरा फूट खोल आहे. पाच बाय अडीच इंचांच्या तुळया बाजूच्या दोन भिंतींवर टेकलेल्या, म्हणजे गेबलला समांतर, आणि एकमेकींपासून दोन फुटांवर आहेत. गेबलच्या सर्वांत जवळची तुळई भिंतीपासून वीस इंचांवर आहे. भिंत जांभ्याच्या चिऱ्याची आहे आणि आतून गिलावा केलेला आहे. पट्ट्या तुळयांना काटकोनात जाणार असल्यामुळे प्रत्येक पट्टीचे एक टोक गेबलवर येऊन थांबते. हीच आपली अडचणीची जागा.

भिंतीकडे आधी नीट पाहावे

मोजपट्टी हातात घेण्यापूर्वी भिंतीची तीन गोष्टींसाठी तपासणी करावी, कारण गेबलचा आधार किती घ्यायचा हे त्यावरच ठरते.

पहिली गोष्ट म्हणजे ओल. नैर्ऋत्येकडून येणारी पावसाची झड पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या गेबलवर थेट आपटते. बाजूच्या भिंतींना वळचणीचे संरक्षण असते, पण गेबलच्या बाजूला छप्पर जेमतेम फूटभर बाहेर येते, कधी तेवढेही नाही. जांभा सच्छिद्र असल्यामुळे तो पाणी ओढून घेतो आणि सावकाश सोडतो. श्रावणात भिंत आतून कोरडी दिसली तरी तिच्या पोटातली ओल मार्गशीर्षापर्यंत टिकू शकते. गिलाव्यावर पांढरी फुली, म्हणजे क्षाराची पांढरी भुकटी, आलेली असेल किंवा रंग पापुद्र्यांनी सुटत असेल, तर आधी बाहेरच्या बाजूची दुरुस्ती करावी आणि सीलिंगचे काम त्यानंतर काढावे. माझ्या मते डिसेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा खरा हंगाम आहे. तेव्हा भिंत वाळलेली असते, लाकूड फार फुगलेलेही नसते आणि फार आकसलेलेही नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीतला मसाला. जुन्या घरात चिरे मातीत किंवा चुन्यात बसवलेले असतात. एखाद्या सांध्यात खिळा खुपसून पाहावा. तो बोटाच्या जोराने आत गेला, तर त्या भिंतीत कोणताही प्लग (स्क्रू धरण्यासाठी भोकात बसवायची नळी) किंवा फास्टनर भरवशाचा नाही असे समजावे आणि पुढे सांगितलेली जादा तुळईची पद्धतच स्वीकारावी. सिमेंटच्या मसाल्यात बांधलेल्या भिंतीत तो प्रश्न फारसा येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे भिंतीचा माथा. गेबल ही घरातली सर्वांत एकाकी भिंत असते. खालचा भाग बाजूच्या भिंतींनी धरलेला असतो, पण वरचा तिकोन दोन्ही बाजूंनी मोकळा उभा असतो आणि भूकंपाच्या हादऱ्यात तो आधी बाहेर कोसळतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस ४३२६ या भारतीय मानकात गेबलच्या तिरक्या कडांवर आणि वळचणीच्या उंचीवर सलग काँक्रीटचा पट्टा द्यायला सांगितले आहे तो याच कारणाने. आपल्या घरात असा पट्टा सीलिंगच्या उंचीवर सापडला, तर काम निम्मे सोपे झाले, कारण काँक्रीटमध्ये फास्टनर उत्तम धरतो. पट्टा नसेल तर निदान एवढे तरी करावे की पट्ट्या घुसवण्यासाठी त्या तिकोनाच्या पायथ्याशी ओळीने खोबण्या पाडू नयेत. दर सोळा इंचांवर एक याप्रमाणे दहा खोबण्या पाडल्या, तर भिंत ज्या रेषेवर मुळातच कमजोर असते तिथेच आपण तिला आणखी कुरतडतो.

खोबणीबद्दल आणखी एक अनुभव सांगायला हवा. मी पहिल्यांदा हे काम करून घेतले, तेव्हा पट्टीची टोके भिंतीत तीन-तीन इंच घुसवून सिमेंटने चिणून घेतली होती आणि काम पाहून फार समाधान वाटले होते. तिसऱ्या वर्षी कडेची एक फळी खाली झुकली. ती काढून पाहिली तर भिंतीबाहेरची पट्टी ठणठणीत होती आणि आतल्या तीन इंचांच्या जागी मातीचा चुरा होता. वाळवी चिऱ्याच्या छिद्रांतून वर आली होती आणि ओलसर, अंधारी, हवाबंद जागा तिला मीच तयार करून दिली होती. दहापैकी सात टोके तशीच निघाली.

आधाराचे तीन मार्ग

टोकाला आधार देण्याचे तीन मार्ग आहेत, आणि शेवटच्या तुळईचे भिंतीपासूनचे अंतर पाहून त्यांतला एक निवडायचा असतो.

शेवटची तुळई भिंतीपासून सहा इंचांच्या आत असेल, तर वेगळा आधार लागतच नाही. दोन बाय एकची पट्टी तुळईच्या पुढे सहा इंच निराधार राहिली तरी वाकत नाही. काही सुतार दहा-बारा इंचांपर्यंत ताणतात. पट्टी तेवढी टिकतेही, पण बोर्डाची कड दाबली की ती खाली-वर होते आणि सांध्यात भरलेली लांबी, म्हणजे पुटी, फुटते. मी सहा इंचांपुढे जात नाही.

अंतर त्याहून जास्त असेल आणि भिंत ओलीची किंवा मातीच्या मसाल्याची असेल, तर भिंतीला समांतर एक जादा तुळई टाकावी. ती भिंतीपासून दोन इंच सुटी ठेवावी आणि तिची टोके इतर तुळयांप्रमाणेच बाजूच्या भिंतींवर टेकवावीत. वर जागा नसेल तर बाजूच्या भिंतींना जाड लोखंडी अँगल बोल्टने बसवून त्यावर ती ठेवता येते. खर्च एका तुळईचा वाढतो, पण सगळे सीलिंग एकाच सांगाड्यावर राहते आणि गेबलशी त्याचा संबंधच उरत नाही. मला विचाराल तर जुन्या घरात हाच मार्ग निर्धोक आहे. दोन इंचांच्या फटीतून हवा खेळते, भिंत वाळते आणि वाळवीने चढायचे ठरवले तरी तिची मातीची नळी माळ्यावरून दिसते.

तिसरा मार्ग म्हणजे भिंतपट्टी, म्हणजे गेबलच्या आतल्या अंगावर आडवी बसवलेली जाड लाकडी पट्टी. भिंत कोरडी आणि सिमेंटमधली असेल, तर हा मार्ग चालतो आणि बहुतेक नव्या घरांत हाच वापरला जातो. आपल्या उदाहरणात वीस इंचांचे अंतर आहे आणि भिंत चांगली आहे, म्हणून आता भिंतपट्टीचे काम क्रमाने पाहू.

लाकूड आणि त्याची तयारी

भिंतपट्टीसाठी तीन इंच उंच आणि दोन इंच जाड असे लाकूड घ्यावे, म्हणजे ती भिंतीपासून दोन इंच पुढे येईल. साग परवडत असेल तर उत्तमच. ऐन आणि किंजळ मजबूत आहेत, पण दोन्ही वाळताना पिळतात आणि टोकाला चिरतात, म्हणून ते निदान एक उन्हाळा थप्पीत, मध्ये काड्या घालून वाळवलेले असावेत. वखारीतून त्याच आठवड्यात चिरून आणलेले लाकूड कितीही स्वस्त मिळाले तरी सीलिंगला लावू नये. पाइनच्या पट्ट्या सरळ मिळतात, पण आमच्या हवेत त्यांना भुंगा आणि वाळवी दोन्ही लवकर लागतात. त्या वापरायच्याच असतील, तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून, पुन्हा वाळवून मगच वापराव्यात.

लाकूड ओल पिते ते मुख्यतः टोकाकडून, जिथे करवतीने कापल्यावर रेषांची तोंडे उघडी पडतात. म्हणून प्रत्येक कापलेल्या टोकाला, कापल्याबरोबर, प्रायमरचे दोन हात द्यावेत. हे काम कंटाळवाणे आहे आणि सुतार ते टाळतात. डबा आणि ब्रश घेऊन घरमालकाने स्वतः बसावे.

उंचीची रेषा

सीलिंगची उंची जमिनीपासून मोजू नये, कारण लादी समपातळीत असतेच असे नाही. लेव्हलच्या पारदर्शक नळीत पाणी भरून, जमिनीपासून अंदाजे तीन फुटांवर खोलीच्या चारही भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा कराव्यात आणि रंगाच्या दोरीने रेषा मारून घ्यावी. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पातळी चुकते. म्हणून सुरुवातीला दोन्ही टोके एकमेकांना लावून पाणी सारखे येते का ते पाहावे. पुढचे प्रत्येक माप या रेषेपासून वर घ्यावे.

आता प्रत्येक तुळईच्या खालच्या अंगाची उंची दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजून कागदावर लिहावी. तुळया कधीच एका पातळीत नसतात. सर्वांत खाली आलेली तुळई कोणती हे कळले, की तिची खालची बाजू हीच सगळ्या सांगाड्याची पातळी ठरते. बाकीच्या तुळयांखाली जिथे दोन-चार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट राहील, तिथे पट्टी मारताना लाकडी चीप घालावी लागते. एखादीच तुळई बाकीच्यांपेक्षा इंचभर खाली असेल, तर सगळे सीलिंग खाली आणण्यापेक्षा तिचाच तळ रंध्याने काढणे शहाणपणाचे, मात्र तिच्या जाडीत पाव इंचाहून अधिक कपात करू नये. बाकीची कसर चिपांनीच भरावी.

इथे नवख्यांची ठरलेली चूक होते. भिंतपट्टी पट्ट्यांच्या पातळीला बसवली जाते, म्हणजे तिचा तळ आणि पट्ट्यांचा तळ एका रेषेत येतो. दिसायला हे बरोबर वाटते. पण मग पट्टीचे टोक भिंतपट्टीच्या तोंडाला नुसते टेकते आणि त्याला वर स्क्रू घ्यायला काहीच उरत नाही. मग तिरके खिळे ठोकले जातात, टोक चिरते आणि ते दोन सूत लाकडाच्या जोरावर लटकत राहते. भिंतपट्टीचा तळ तुळयांच्या तळाशी जुळला पाहिजे. तसे केले की पट्टी जशी तुळईखालून जाते तशीच भिंतपट्टीखालूनही जाते आणि तिला खालून सरळ स्क्रू मारता येतो. भिंतपट्टी ही आडवी जाणारी शेवटची तुळईच आहे, फक्त ती भिंतीला चिकटलेली आहे, असे मनाशी धरले की ही चूक होत नाही.

भिंतपट्टी भिंतीला बसवणे

गेबलवर तुळयांच्या तळाच्या उंचीची रेषा मारून झाल्यावर भिंत रेषेत आहे का ते पाहावे. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, भिंतीपासून एक इंच पुढे दोरी ताणावी आणि दर दोन फुटांवर दोरी ते भिंत हे अंतर मोजावे. जांभ्याच्या भिंतीत बारा फुटांत अर्ध्या इंचाचा पोट-खड्डा सहज निघतो. भिंतपट्टी स्क्रूने आवळून या वळणाला चिकटवली, तर ती स्वतःच वाकडी होते. म्हणून खड्ड्याच्या जागी मागे चीप घालून ती दोरीत ठेवायची.

भिंत आणि लाकूड यांच्यामध्ये डांबरी फेल्टची किंवा जाड प्लास्टिकची सलग पट्टी घालावी. फेल्ट वरच्या बाजूला अर्धा इंच जास्त ठेवावे, म्हणजे भिंतीवरून ओघळलेले पाणी लाकडामागे शिरणार नाही.

आता भोके. चिऱ्यात ड्रिल चालवताना हॅमर बंद ठेवावा. जांभा दगड दिसायला कठीण असला तरी आतून जाळीदार असतो. हॅमरच्या ठोक्यांनी त्याच्या भिंतिका फुटतात, भोक लंबगोल होते आणि प्लग आत नुसता फिरत राहतो. साध्या फिरत्या ड्रिलने, सावकाश, मध्येच बाहेर काढून भुसा झटकत भोक पाडावे. दहा मिलिमीटर व्यासाचा आणि १२० मिलिमीटर लांबीचा, स्क्रूसह येणारा फ्रेम फिक्सिंगचा प्लग इथे योग्य ठरतो. त्यांतले पन्नास मिलिमीटर लाकडात जातात, पंधरा-वीस गिलाव्यात, आणि उरलेले पन्नास चिऱ्यात. गिलाव्यातली लांबी पकड म्हणून धरू नये.

भोक चिऱ्याच्या पोटात यावे, सांध्यात नव्हे. गिलाव्यामुळे सांधे दिसत नाहीत, पण ड्रिल एकदम हलका झाला आणि पांढरट-करडा भुसा आला तर सांधा लागला असे समजावे. लालसर-पिवळा भुसा येत असेल तर चिरा आहे. सांधा लागला तर दोन-तीन इंच बाजूला सरकावे. चिऱ्यातच पोकळी लागली, तर जाळीच्या नळीतून भरायचा केमिकल अँकर, म्हणजे भोकात घट्ट होऊन स्क्रूला धरणारे रसायन, वापरावा. भोकात लाकडी खुंटी ठोकून त्यात स्क्रू मारण्याची जुनी पद्धत टाळावी, कारण खुंटी वाळली की सैल होते आणि ओली झाली की वाळवीला बोलावते.

पहिले प्लग दोन्ही टोकांपासून सहा इंचांवर आणि मधले साधारण साडेसोळा इंचांवर घ्यावेत, म्हणजे बारा फुटांत नऊ येतात. पहिला प्लग बसवल्यावर त्यावर लाकडाचा एक तुकडा आवळावा आणि हाताने पूर्ण ताकदीने लोंबकळून पाहावे. तो निसटला नाही तर पुढे जावे.

नऊ प्लग जास्त वाटतील, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. भिंत आणि पहिली तुळई यांच्यामधल्या वीस इंचांपैकी निम्म्याचा, म्हणजे दहा इंचांचा भार भिंतपट्टीवर येतो. बारा फूट लांबीत हे क्षेत्र दहा चौरस फूट भरते. आठ मिलिमीटर जाडीचा सिमेंट फायबर बोर्ड चौरस फुटाला सुमारे एक किलो असतो, म्हणजे बोर्डाचे दहा किलो आणि लाकडाचे दोन-तीन किलो. एका प्लगच्या वाट्याला दीड किलोही येत नाही. तेव्हा हे सीलिंग वजनाने पडत नाही. त्याला खरा धोका असतो तो मे महिन्यात शाकारणीसाठी वर चढलेल्या माणसाच्या पायाचा. फुटके कौल बदलताना तो तोल सावरायला नेमका कडेला पाय देतो. दुसरा धोका वाऱ्याचा. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात किती कौले उडाली हे पाहिलेल्यांना माहीत आहे. कौल उडाले की वारा माळ्यात शिरतो आणि सीलिंगला वरून दाबतो. नऊ प्लग आणि खिळ्यांऐवजी स्क्रू हे या दोन धोक्यांसाठी आहेत.

पट्ट्या मारणे

खोली काटकोनात आहे का ते आता पाहावे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर सहा फुटांवर आणि दुसरीवर आठ फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधले तिरके अंतर बरोबर दहा फूट भरले तर कोपरा गुण्यात आहे. बहुधा तो नसतो. अशा वेळी पट्ट्या गेबलला काटकोनात न घेता खोलीच्या लांब भिंतीला समांतर घ्याव्यात आणि जी काही पाचर उरेल ती गेबलच्या कडेला ढकलावी, कारण तिथे शेवटी कडेची पट्टी येणारच असते आणि ती इंचभर कसर झाकून टाकते.

पट्ट्या मध्य ते मध्य सोळा इंचांवर घ्याव्यात. चार फुटी बोर्ड म्हणजे अठ्ठेचाळीस इंच, त्यात सोळाचे तीन भाग बसतात आणि बोर्डाची दोन्ही लांब कडा आपोआप पट्टीच्या मध्यावर येते. दोन्ही बाजूंच्या टोकाच्या पट्ट्या आधी माराव्यात, त्यांच्यामध्ये गेबलच्या कडेला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला दोऱ्या ताणाव्यात, आणि मधल्या पट्ट्या त्या दोऱ्यांना शिवतील न शिवतील इतपत आणाव्यात.

पंधरा फूट सलग पट्टी क्वचितच मिळते, म्हणून जोड द्यावा लागतो. जोड नेहमी तुळईच्या मध्यावर यावा आणि शेजारच्या दोन पट्ट्यांचे जोड एकाच तुळईवर येऊ नयेत. गेबलकडून सुरुवात करण्याचा फायदा इथे दिसतो: लांब तुकडा गेबलला लावायचा आणि आखूड तुकडा पलीकडे जाऊ द्यायचा. गेबलकडचा तुकडा किमान तीन आधारांवर, म्हणजे भिंतपट्टी, पहिली तुळई आणि दुसरी तुळई यांवर गेलाच पाहिजे. वीस इंचांचा उरलेला तुकडा भिंतपट्टी आणि पहिली तुळई यांच्यामध्ये ठिगळासारखा मारला, तर ती कड कधीच सरळ राहत नाही.

पट्टीचे टोक भिंतीला भिडवू नये. मध्ये दहा मिलिमीटर, म्हणजे तीन-सव्वातीन सूत फट सोडावी. बोटाच्या जाडीचा एक गुळगुळीत तुकडा खिशात ठेवून प्रत्येक टोकाशी तो मध्ये धरून पट्टी मारली, की फट सगळीकडे सारखी येते. दोन इंचांच्या भिंतपट्टीवर मग पट्टीला सुमारे दीड इंच टेकण मिळते. टोकापासून एक इंच आत, आधी बारीक ड्रिलने भोक पाडून, आठ नंबरचा अडीच इंची स्क्रू मारावा. ऐन-किंजळीत भोक न पाडता स्क्रू मारला तर टोक चिरलेच म्हणून समजावे. समुद्रापासून चार-पाच मैलांच्या आत घर असेल, तर स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. साध्या लोखंडी स्क्रूभोवती काही वर्षांत काळा डाग धरतो, आणि तो नुसता गंज नसतो, लाकडातल्या तुरट रसाशी लोखंडाची झालेली ती शाई असते.

सगळ्या पट्ट्या लागल्यावर गेबलच्या कडेला, दोन पट्ट्यांच्या मधल्या चौदा इंचांच्या गाळ्यात, त्याच मापाच्या पट्टीचे पावणेचौदा इंची तुकडे भिंतपट्टीला खालून दोन-दोन स्क्रूंनी मारावेत. हे तुकडे नसतील तर बोर्डाची गेबलकडची कड दर सोळा इंचांवरच धरली जाते आणि मधल्या भागात लाटेसारखी दिसते. तुकड्यांसाठी कापाकापीतून उरलेल्या पट्ट्या पुरतात.

पट्ट्यांऐवजी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे चॅनेल वापरले तरी कडेच्या चॅनेलची पातळी, फट आणि प्लग यांचे नियम हेच राहतात. लाकूड फक्त बदलते.

बोर्ड किंवा फळ्या आणि शेवटची कड

बोर्ड लावण्याआधी माळ्यावरून एकदा गेबलकडे पाहावे. वायरिंगचे पाइप, पंख्याच्या हुकाचा आधार आणि माळ्यात शिरण्याची झडप यांची जागा आता ठरवली नाही, तर नंतर पट्टी कापावी लागते. झडप गेबलपासून एक गाळा सोडून, दोन तुळयांच्या मध्ये घ्यावी आणि तिथून आढ्याखाली जाणारी एक रुंद फळी तुळयांवर टाकून ठेवावी, म्हणजे शाकारणीच्या माणसाला पाय ठेवायला जागा राहते. गेबलमधला झरोका बुजवू नये. त्याला बारीक लोखंडी जाळी मारावी, कारण माळ्यातली गरम, दमट हवा बाहेर गेलीच पाहिजे आणि उदमांजर आत आलेच नाही पाहिजे. एकदा ते माळ्यावर राहायला आले की सीलिंगवर पिवळे डाग उमटतात आणि रात्रीची झोप जाते ती वेगळीच.

बोर्डाची कडही भिंतीपासून दहा मिलिमीटर सुटी ठेवावी. आठ मिलिमीटरच्या बोर्डाला तीस मिलिमीटरचे स्क्रू पुरेसे आहेत. ते कडेपासून अर्धा इंच आत आणि एकमेकांपासून आठ इंचांवर घ्यावेत.

फळ्यांचे सीलिंग असेल तर फट अधिक विचाराने ठेवावी लागते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगते. फळ्या गेबलला काटकोनात जात असतील, तर गेबलकडे फार फरक पडत नाही. तशा जाण्यासाठी पट्ट्या मात्र गेबलला समांतर घ्याव्या लागतात. फळ्या गेबलला समांतर असतील, तर त्यांची सगळी फूग गेबलच्या दिशेने येते. पंधरा फुटांत नुसते एक टक्का फुगणे म्हणजे पावणेदोन इंच होतात. प्रत्येक फळीच्या खाचेत थोडी मोकळीक ठेवून यातले बहुतेक तिथेच जिरवावे आणि गेबलशी अर्धा इंच राखून ठेवावे. घट्ट ठोकून बसवलेल्या फळ्या जुलैत एकमेकींना वर ढकलून कमानीसारख्या उठलेल्या मी पाहिल्या आहेत.

ही फट झाकणारी कडेची पट्टी एका बाजूलाच मारावी, एकतर सीलिंगला किंवा भिंतीला. दोन्हीकडे खिळवली तर फट सोडून मिळवलेली मोकळीक वाया जाते. पावसाळ्यात कौले पाणी पिऊन जड होतात, त्या भाराने छप्पर आणि त्याला बांधलेल्या तुळया किंचित खाली येतात, आणि गेबल जागचे हलत नाही. हा फरक सूतभराचाच असतो, पण दोन्हीकडे खिळलेल्या पट्टीला फाटायला तेवढा पुरतो. मी ती भिंतीला मारतो आणि सीलिंगकडची बाजू नुसती टेकती ठेवतो. तिथे सिमेंट किंवा पुटी भरू नये.

पहिला पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास, झडपेतून टॉर्च घेऊन वर जावे आणि भिंतपट्टीच्या मागची बाजू पाहावी. फेल्टच्या वर ओलीची रेषा दिसली तर बाहेरच्या गिलाव्यात भेग आहे. मातीची बारीक नळी दिसली तर ती नुसती झाडून टाकू नये, जमिनीपासून कुठून येते ते शोधून तिथे वाळवीचे औषध करावे. भिंतपट्टीचे नऊ स्क्रू पुन्हा एकदा हाताने आवळावेत. त्यांतले दोन-तीन अर्धा फेरा तरी फिरतात.